पात्याचा तोल

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार.
लेक सुपीरियरवरून येणाऱ्या वाऱ्याला लोखंडाचा वास आहे.
टाकीत बोटभर पेट्रोल उरलंय.
ते हिवाळाभर ठेवायचं नसतं, त्याचा डिंक होतो,
म्हणून शेडच्या दारात मोअर सुरू करून
मी नुसता उभा आहे,
कापायला काही नसताना त्याची बडबड ऐकत.

आधी खणखणीत. मग अडखळत.
मग एक खोकला, मग दुसरा,
आणि मग इतकं शांत
की हिरवळीपलीकडून वाल्फ्रिदच्या स्वयंपाकघरातला रेडिओ ऐकू येतो.

वाल्फ्रिद माझा धाकटा भाऊ.
अकरा वर्षं आम्ही बोलत नाही.
कशावरून, ते आता आठवत नाही, असं मी लोकांना सांगतो.
आठवतं.
आईनं लावलेला बर्च त्यानं पाडला.
मुळं सांडपाण्याच्या नळात शिरली होती म्हणे.
शिरली होती, हेही खरं.

वडील दोन घरं ठेवून गेले, आणि मोअर एकच.
एक आठवडा त्याचा, एक माझा,
शेडची किल्ली विटेखाली.
तो दुसऱ्या खाचेवर कापतो, मी तिसऱ्या.
मधे कुंपण कुणी घातलं नाही,
पण त्याचं संपून माझं सुरू होतं तिथे
गवतात एक पायरी आहे, अर्ध्या इंचाची.
टपालवाली सिग्ने नेमकी तिच्यावरून चालत येते,
दोन्ही घरांची पत्रं एकाच हातात.

प्लगची वायर आधी काढली.
यंत्र मेलंय असं कधी धरून चालू नये, वडील म्हणायचे,
आणि त्यांच्या उजव्या हाताला चारच बोटं होती,
म्हणून आम्ही ऐकायचो.
कॉफीच्या डब्यात जुनं तेल सोडलं, काळं, पाण्यासारखं पातळ.
प्लगच्या भोकातून चमचाभर नवं,
आणि दोरी दोनदा, अगदी हळू,
झोपलेल्या पोराच्या अंगाखालून पांघरूण काढावं तशी.

मग यंत्र कुशीवर केलं.
पोटाला अख्खा उन्हाळा चिकटलेला,
पातेल्याच्या बुडाला खरवड धरावी तसा.
पत्र्याच्या पट्टीनं खरवडला.
वरचा थर वाल्फ्रिदचा, बारीक,
त्याखाली माझा, लांब पात्यांचा,
त्याखाली परत त्याचा.
एकाच ढेकळात निघून आले.

बोल्टनं पाऊण तास खाल्ला.
पातं हातात आलं तर
एका बाजूला ताजी धार,
कानशीचे तिरके ओरखडे, डावखुऱ्या हाताचे.
दुसरी बाजू बोथट. दगड लागून पडलेला टवका तसाच.
म्हणून ते थरथरत होतं महिनाभर,
मी आपलं त्याच्या वयावर ढकललं.

काम अर्धं सोडणारा माणूस नाही तो.
सप्टेंबरात त्याचा खांदा गेला, सिग्ने सांगत होती, मी न विचारता.
किंवा अर्धं मुद्दाम ठेवलं असेल.
विचारायचं तर बोलावं लागेल.

मी कानस घेतली.
माझे ओरखडे उलटीकडे झुकतात.
मग पातं मधल्या भोकातून खिळ्यावर टांगलं:
जड बाजू खाली जाते, एवढं साधं आहे हे.
माझी बाजू खाली गेली.
घासली. परत टांगलं. परत माझीच.
लोखंडाचा भुगा बुटांवर, थुंकीत, मिशीत,
आणि तरी माझीच.

उजेड गेला तेव्हा केसभर झुकलेलं राहिलंच.
तसंच तेलाचा हात फिरवून खिळ्यावर सोडलं.
उंदरांसाठी नळीत तारेचा चोथा कोंबला,
यंत्रावर आईचा जुना पडदा टाकला,
आणि कानस खिळ्याखाली फळीवर ठेवली,
मूठ डावीकडे करून.

किल्ली विटेखाली.
रात्री बर्फ पडेल म्हणतायत.
पडलं की पायरी मेपर्यंत दिसायची नाही.
सिग्ने तरी तिच्यावरूनच येईल.
तिच्या पायांना ती पाठ आहे.